दोनाची पाच मुलं झाली. रोजचा दिवस कसा चालवू?

प्रश्न: ताई, आम्ही सांगली जिल्ह्यात एका गावात राहतो. मला दोन मुलं, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची. गेल्या वर्षी दीर-जाऊ दोघंही अपघातात गेले. त्यांची तीन मुलं आता आमच्याकडे आहेत. मुलगी १३ वर्षांची, मुलगे १० आणि ६ वर्षांचे. यजमान साखर कारखान्यात पाळीनं कामाला जातात. सासूबाई गुडघ्यांमुळे फारशा उठत नाहीत. पहाटे पाचला उठते तरी रोज कुणाचा ना कुणाचा डबा राहतो, कुणाला तरी मार बसतो. थोरली न सांगता सगळी कामं करते. सहा वर्षांचा उशाखाली पोळी लपवून झोपतो. आणि माझाच मुलगा म्हणतो, ‘तू आता माझी आई राहिली नाहीस.’ माझं काय चुकतंय?

उत्तर:

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची असशील. माझ्या घरात सहा मुलं वाढली, चार माझी आणि दोन नणंदेची. नणंद गेली तेव्हा भाची ११ वर्षांची होती आणि भाचा ५. मी तेव्हा कऱ्हाडकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. पुढं पर्यवेक्षिका झाले आणि २६ वर्षांनी निवृत्त झाले. त्यामुळं तू लिहिलेली एकेक ओळ मला ओळखीची वाटली, त्या उशाखालच्या पोळीसकट.

तुझ्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. डबे, आंघोळी, दप्तरं, फी, दुखणी ही कामं आहेत. थोरलीचं मुकाट राबणं, धाकट्याची पोळी आणि तुझ्या लेकाचं ते वाक्य ही कामं नाहीत, ती मुलं आहेत. घरात माणसं वाढली की आपला एक घोळ होतो. कामं आपण एकेक करून उरकत बसतो आणि मुलांना मात्र एकगठ्ठा हाकतो. ‘चला रे सगळे’, ‘झोपा रे सगळे’, ‘कुणी सांडलं रे हे?’ मला हे उलटं करायला चार वर्षं लागली. कामं एकगठ्ठा करायची आणि मुलं एकेकटी बघायची. पुढं जे लिहिते आहे ते सगळं एवढ्यासाठीच.

त्याआधी एक सांगते. तुझी ओढाताण होते याचं कारण तुझ्या अंगात काही कमी आहे असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी १.७ मुलं निघाली. म्हणजे आता आजूबाजूचं सगळं दोन मुलांच्या मापाचं आहे. मोटारसायकल, कुकर, न्हाणीघर, पाहुण्यांनी आणलेला खाऊ, सगळंच. आपल्या आज्यांच्या घरात आठ-दहा पोरं असायची हे खरं, पण त्याच घरात तीन-चार बायका एका चुलीभोवती असायच्या. तुझ्याकडं पाच मुलांमागं तू एकटी आहेस. ‘आमच्या वेळी नाही का निभावलं’ असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नकोस, तो हिशेब वेगळा होता.

आता सकाळ. तू पाचला उठतेस, पण डबा राहतो तो पाचला उठून सुटणारा प्रश्न नाही. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत पाच मुलांची सगळी कामं कोंबली तर ती मावतच नाहीत, कितीही लवकर उठलीस तरी. त्यातली अर्धी आदल्या संध्याकाळी ढकलायची. थोरल्या तिघांची आंघोळ संध्याकाळी खेळून आल्यावर. एकदा बंब पेटवला की तिघांचं पाणी एका वेळी निघतं, आणि मळ तर संध्याकाळीच असतो. सकाळी त्यांनी हातपाय-तोंड धुवायचं. सकाळची आंघोळ फक्त धाकट्या दोघांची. सासूबाईंना हे लगेच पटणार नाही. आमच्याकडं देवपूजा ज्याच्याकडं असेल त्यानं सकाळी अंघोळ करायची असं ठरलं आणि विषय मिटला.

रात्री जेवणं झाली की ज्यानं त्यानं दप्तर भरून दाराशी ठेवायचं. पाण्याची बाटली भरून दप्तराशेजारी, गणवेश खुंटीला, बुटात मोजे. मोजे एकाच रंगाचे आण, दोन मापांचे, डझनभर. जोडी शोधायची भानगड राहत नाही. हे सांगायला फार लहान वाटतं, पण माझ्या घरात सकाळची निम्मी रडारड मोज्यांवरून व्हायची.

आणि प्रत्येक मुलाला एक रंग दे. अंगणवाडीत वाचता न येणाऱ्या मुलांना आपला पेला ओळखता यावा म्हणून मी हे करायचे, नंतर घरी आणलं. पंचा, बनियन, गणवेशाच्या कॉलरला आतून त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके. डब्याच्या झाकणाला, ब्रशला, कंगव्याला नेलपॉलिशचा ठिपका. कपडे वाळत घालून आणले की घड्या करणाऱ्याला विचारावं लागत नाही. तुझी चार वर्षांची लेकसुद्धा पाच ढीग लावू शकेल, आणि तिला ते काम आवडेल.

स्वयंपाकाचं म्हणशील तर एक वार, एक भाजी असं आठवड्याचं ठरवून टाक. सोमवारी मटकी, मंगळवारी बटाटा, बुधवारी मेथी किंवा पोकळा, असं. रोज उठून ‘आज काय करू’ याचा विचार करायला जो वेळ आणि जीव जातो तो वाचतो. सोमवारी मटकी असेल तर शनिवारी रात्री भिजत घालायची हे माझ्या सासूबाईंनाही ठाऊक होतं. भाजी सगळ्यांना एकच, कमी तिखटाची. मोठ्यांना वर शेंगदाण्याची, लसणाची नाहीतर कारळ्याची चटणी. किलोभर पिठाच्या तीसेक पोळ्या होतात, तेवढ्यात सकाळ निघते. कणीक रात्री मळून ठेव. तुझी मुलं जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असतील तर आठवीपर्यंत सगळ्यांना शाळेत पोषण आहार मिळतो आणि धाकटीला अंगणवाडीत गरम जेवण. तो आहार घेऊ देण्यात कमीपणा मानू नकोस, मी इतकी वर्षं तो शिजताना पाहिला आहे. तिथं पोटभर खाणाऱ्या मुलांना घरून पोळी-चटणीचा छोटा डबा पुरतो. त्यानं तुझ्या सकाळच्या दहा पोळ्या कमी होतील.

उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करताना यंदा मापं बदल. तू अजून जुन्याच अंदाजानं कांदा-लसूण मसाला करत असशील आणि दिवाळीतच तो संपत असेल. माझं पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. डंकावर मिरची नेण्याआधी बसून माणसं मोज. तुझ्याकडं सासूबाई धरून आठ आहेत.

मारामाऱ्यांबद्दल. आठवडाभर नुसतं बघ, भांडण किती वाजता होतं ते. माझी खात्री आहे की त्यातली बहुतेक संध्याकाळी साडेपाच-सहाला होतात, शाळेतून आल्यावर. ती भांडणं नसतात, भूक असते. मुलं दारात आली की काही विचारायच्या आत पाच वाट्या पुढं ठेव. शेंगदाणे-गूळ, चुरमुरे, तुमच्याकडं तर भडंगाला तोटा नाही. वाट्या मोजून भरलेल्या असू देत, डबा मध्ये ठेवलास की तिथंच जुंपते. एकच वस्तू दोघांत वाटायची असेल तर एकानं कापायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची. तू मध्ये पडायची गरज उरत नाही, आणि कापणारा सोनार होतो.

‘कुणाला तरी मार बसतो’ असं तू लिहिलंस. कुणाकडून बसतो ते लिहिलं नाहीस, म्हणून दोन्ही धरून सांगते. मुलं एकमेकांना मारतात तेव्हा आधी दोघांना वेगळं कर, न्यायनिवाडा नंतर. तुझाच हात उठत असेल तर तो आजपासून थांबव. मीही मारलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. यात एक बारीक गोष्ट आहे, ती माझ्या उशिरा लक्षात आली. आई-बाप गेलेल्या मुलांवर हात टाकायला आपण कचरतो आणि रागाच्या भरात आपल्या पोटच्याला बडवतो. त्याला त्यातून एवढंच कळतं की बाकीच्यांना माया आणि मला मार. पोटच्याला मारलं आणि त्यांना सोडलं तर तो दुरावतो, त्यांना मारलं तर ती आश्रित होतात. म्हणून घरात कुणालाच मारायचं नाही, हा एकच नियम चालतो.

आता ज्या गोष्टीनं माझं घर सावरलं ती सांगते. तिला आमच्याकडं ‘वार’ म्हणायचे. जसा गावच्या जत्रेत मानकरी असतो, तसा प्रत्येक मुलाचा आठवड्यातला एक वार. माझी सहा होती, मी सोमवार ते शनिवार वाटले होते. तुझी पाच आहेत, सोमवार ते शुक्रवार. ज्याचा वार त्याचा मान. त्या दिवशी पहिली गरम पोळी त्याची, खिडकीजवळची जागा त्याची, टीव्हीवर काय लागेल ते तो ठरवणार, गाडीवर पुढं तो बसणार. शेवटचा लाडू उरला तर तोही त्याचा. ‘माझा नंबर, काल तुझा होता’ ही दिवसाला दहा वेळा होणारी तक्रार पहिल्याच आठवड्यात संपते, कारण उत्तर दिनदर्शिकेवर लिहिलेलं असतं.

पण मानाबरोबर कामही त्याचंच. ताटं-पाणी घेणं, धाकट्यांना हाका मारणं, रात्री दाराशी पाच दप्तरं आहेत का ते बघणं. त्यामुळं कुणी एकच जण राबत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. त्या दिवशी रात्री वीस मिनिटं ते मूल आणि तू, दोघंच. बाकीच्यांनी त्या वेळी मध्ये यायचं नाही. मी बाहेरच्या पायरीवर बसायचे. कधी मूल घडाघडा बोलायचं, कधी नुसतं मांडीवर डोकं ठेवून पडायचं. माझा दुसरा मुलगा सहा महिने त्या वीस मिनिटांत मला क्रिकेटच्या धावा सांगायचा, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. सातव्या महिन्यात एकदा त्यानं शाळेत एक मोठा मुलगा रोज पैसे काढून घेतो ते सांगितलं. तो त्या धावा ऐकून घेतल्या म्हणूनच बोलला, असं मला वाटतं. ही वीस मिनिटं अभ्यास घेण्यात किंवा चुका सांगण्यात घालवू नकोस.

थोरलीबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. ती न सांगता सगळं करते हे तू कौतुकानं लिहिलं असशील, पण मला वाचताना धस्स झालं. माझी भाची तशीच होती. पहाटे माझ्याआधी उठायची, केर काढायची, धाकट्याला भरवायची. मी चारचौघांत तिचं कौतुक करायचे. एकदा तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बोलावून सांगितलं की तीन आठवडे ही मुलगी कंपासपेटीशिवाय भूमितीच्या तासाला बसते आहे. पेटी हरवली होती आणि तिनं मागितली नव्हती. त्याच सुमाराला कळलं की पाळीच्या दिवसांत ती जुन्या ओढणीचे तुकडे वापरत होती, कारण पॅड मागायचं तर पैशाचा विषय निघेल. घरात कुणी तिला एक शब्द उणा बोललेलं नव्हतं. तरी ती मनात भाडं भरत होती, या घरात राहण्याचं.

अशी मुलं मागत नाहीत, म्हणून मागावंच लागणार नाही अशी सोय करायची. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडं ‘काय संपलं’ विचारायची वेळ असायची. दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला, जिथं दुधाचा हिशेब लिहितात, तिथं प्रत्येकाच्या नावापुढं लिहायचं: वही, पेन, तेल, रबर, चपलेचा अंगठा. कुणाचं काही संपलं नसेल तरी एक गोष्ट सांगायचीच. पॅडची पाकिटं मात्र त्या यादीत घालू नकोस. दर महिन्याला किराण्याबरोबर आण आणि तिच्या कप्प्यात न बोलता ठेव. तिला एक कुलपाचा कप्पा दे, लाकडी पेटी चालेल, किल्ली तिच्याकडं. कपडे बदलायला एक कोपरा पडदा लावून तिचा कर. १३ वर्षांच्या मुलीला चार लहान मुलांच्या घरात एवढी जागा लागतेच.

आणि तिची कामं कमी कर, तिला विचारून नव्हे, स्वतः ठरवून. विचारलंस तर ती ‘राहू दे काकू, मी करते’ म्हणणार. तिच्या वाराचं काम सोडून तिला फक्त एक काम ठेव. धाकट्या भावाची जबाबदारी तिच्याकडून हळूहळू काढून घे. एकदम काढलीस तर तिला वाटेल भाऊही नेला, म्हणून आधी त्याला झोपवायचं तेवढं तू घे. तिला खेळायला, मैत्रिणीकडं पाठव. पहिले काही दिवस ती जाऊन अर्ध्या तासात परत येईल. तरी पाठवत राहा.

तुझ्या लेकाचं वाक्य लागलं असेल. त्याला ‘असं बोलायचं नसतं, त्यांना आई नाही’ असं सांगू नकोस. त्याला ते माहीत आहे, म्हणून तर तो इतके दिवस गप्प होता. त्याचा वर्षभरात खरोखर तोटा झाला आहे: खोली गेली, गाडीवरची जागा गेली, आई दमलेली असते. ‘हो रे, तुला माझा वेळ कमी मिळतो, मलाही ते आवडत नाही’ एवढं कबूल कर. त्याचा वार पहिला ठेवलास तरी चालेल. त्याची काही वस्तू फक्त त्याचीच राहू दे, सायकल किंवा कॅरम, वापरायची तर त्याला विचारून. सगळं सगळ्यांचं असं म्हटलं की कुणाचंच काही राहत नाही आणि मुलं चोरायला लागतात. दीर-जावेच्या मुलांनाही हाच नियम. त्यांच्या घरून आलेली ट्रंक, त्यांच्या आईची साडी, बापाचं घड्याळ, त्याला कुणी हात लावायचा नाही.

तुला ती ‘काकू’ म्हणत असतील तर म्हणू देत. आई म्हणायला लावू नकोस. त्यांच्या आई-बाबांचा फोटो भिंतीवर त्यांच्या नजरेच्या उंचीला लाव, छताशी नको. वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलांना आवडीचं काय होतं ते विचारून कर, त्यांच्या आईच्या हातचा पदार्थ असेल तर तोच, चव चुकली तरी. पाहुण्यांना ओळख करून देताना ‘ही दिराची’ हा शब्द टाळ. ‘ही आमची पाच मुलं’ असं त्यांच्या देखत म्हण. मी म्हणायचे तेव्हा भाचा दाराआडून ऐकत असायचा.

सहा वर्षांच्या त्या पोळीचं. भाचाही करायचा, त्याची भाकरी असायची. मी आधी उशी झाडून, मुंग्या होतात म्हणून ओरडले, तर तो भाकरी खिशात ठेवायला लागला. मग एका अनुभवी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते तुला सांगते. त्याला झाकणाचा स्वतःचा एक डबा दे. झोपायच्या आधी त्यानं स्वतःच्या हातानं त्यात एक पोळी किंवा दोन लाडू ठेवायचे आणि डबा उशाशी घेऊन झोपायचं. सकाळी डबा रिकामा करून धुवायचा, रात्री पुन्हा भरायचा. कुणी चिडवायचं नाही. एक दिवस आई-बाप घरातून गेले आणि परत आले नाहीत, हे त्या पोरानं बघितलं आहे. सकाळी जेवण असेल यावर त्यानं तरी कसा विश्वास ठेवावा? आमच्याकडं तो डबा दीड वर्ष उशाशी होता. मग एका रात्री तो भरायला विसरला, आणि मीही आठवण केली नाही. तुझा सहा वर्षांचा झोपेत ओरडत असेल, अंथरूण ओलं करत असेल, खेळणं सोडलं असेल तर मात्र थांबू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तुला स्वतःलाही तिथं बोलता येईल.

सासूबाई उठत नाहीत असं तू लिहिलंस, पण त्या बसतात ना? बसून होणारी कामं पुष्कळ आहेत. लसूण, शेंगा, भाजी निवडणं, घड्या, पाढे म्हणून घेणं, धाकटीला भरवणं. त्यांचाही मुलगा गेला आहे हे विसरू नकोस. हातात काम आणि मांडीशी नातवंड असलं तर त्यांचाही दिवस सरतो.

यजमानांना ‘जरा मदत करा’ म्हणू नकोस. मदत म्हटली की काम आपलंच राहतं, त्यांनी ते सांगितल्यावर करायचं. त्यांच्याकडं एक आख्खं काम दे, त्याचा विचारही त्यांनीच करायचा. शाळेचं सगळं त्यांच्याकडं असू दे: पाचही मुलांच्या वह्या, फी, पालकसभा, सहीचे कागद. पाळी कुठलीही असली तरी हे जमतं. संध्याकाळी त्यांच्या पाळीप्रमाणं ते किंवा तू, पण सात ते साडेआठ सगळ्यांनी एका वेळी अभ्यासाला बसायचं, टीव्ही-फोन बंद. तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून गावभर हे सुरू केलं. तुझ्या घरात भोंग्याऐवजी सासूबाईंची हाक पुरेल.

दुखण्यांमध्ये मी एकच सांगेन. उवा, जंत, खरूज यांचा उपचार एकट्या मुलाचा करायचा नाही, घरातल्या सगळ्यांचा एकाच दिवशी. नाहीतर एकाचं बरं होईतो दुसऱ्याला होतं आणि ते वर्षभर फिरत राहतं. खरजेचं मलम डॉक्टरांना विचारून सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, त्याच दिवशी अंथरुणं-कपडे गरम पाण्यातून काढायचे. तापाचं औषध वजनावर ठरतं, म्हणून कपाटाच्या दारावर आतून पाच नावं, पाच वजनं लिहून ठेव, आणि डोस दिला की वेळ लिही. पॅरासिटामॉलचं पातळ औषध पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही येतं आणि २५० चंही. बाटली बदलली की बघूनच दे. दोघांनी न सांगता दोन वेळा औषध देणं हे मोठ्या घरात सहज घडतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे पण ते याच महिन्यात कर. रेशनकार्डावर तिन्ही मुलांची नावं चढवून घे. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे तिघांचं १५ किलो तू आज सोडून देते आहेस. महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना अशाच मुलांसाठी आहे. पालक गेलेल्या आणि नातेवाइकांकडं राहणाऱ्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. मृत्यूचे दाखले, मुलांची आधार कार्डं, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं खातं लागेल. दिरांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर अनाथ मुलांना २५ वर्षांचे होईपर्यंत, एका वेळी दोघांना, निवृत्तिवेतन मिळतं. दिरांच्या नावावर जमीन असेल तर तलाठ्याकडं मुलांची वारस नोंद लगेच लाव. अज्ञान मुलांची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे भावकीत कुणी काही सुचवलं तर ठामपणे सांग. मुलांच्या पैशांचं पासबुक वेगळं ठेव आणि थोरलीला ते दाखव. तिच्या मनातलं भाडं त्यानं बरंच उतरेल.

आणि तू. शनिवार-रविवारला कुणाचा वार नाही, त्यातला रविवारचा दुपारचा एक तास तुझा. दार लावून झोप. यजमान घरी असतील त्या रविवारी त्यांच्याकडं, नाहीतर शेजारणीकडं मुलं सोपव. मी हे नऊ वर्षं केलं नाही आणि त्या नऊ वर्षांत मी मुलांवर किती ओरडले ते मला माहीत आहे.

सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात फक्त साडेपाचच्या वाट्या आणि रात्री दाराशी दप्तरं. पुढच्या सोमवारपासून वार. कुणाला कुठला वार ते मुलांनाच बसून ठरवू दे, तू फक्त दोन गोष्टी बघ. यजमानांची रात्रपाळी असते तेव्हाही तुला निवांत मिळणारी रात्र थोरलीला दे, तिला बोलायला वेळ लागेल. आणि धाकट्या दोघांचे वार लागोपाठ ठेवू नकोस. आदल्या दिवशीचा मान दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचा म्हटला की त्या वयात फार जड जातं, मध्ये एखादा मोठा भाऊ असलेला बरा.